विहार ते माहीम : बांधून काढलेल्या मिठी नदीच्या काठाने

काठावरून :

मिठी नदीचा विषय निघतो तो एकतर मे-जूनमध्ये गाळाच्या निमित्ताने, नाहीतर २००५ च्या पुराच्या आठवणीने २६ जुलैला. एरवी ती आपल्याला दिसते ती पुलावरून जाताना दोन-तीन सेकंदांपुरती, आणि कठड्याला उंच जाळी लावलेली असेल तर तेवढीही नाही. माझा जन्म कुर्ल्याचा, तरी विहारपासून माहीमपर्यंत ही नदी मी सलग कधी पाहिली नव्हती. यंदा पावसाळ्याच्या आधी चार रविवार काढून ती पाहिली. जिथे काठ आहे तिथे काठाने आणि जिथे नाही तिथे जवळच्या गल्लीबोळांतून, अशी ही पायपीट झाली. जे दिसले आणि त्यावरून जे मत बनले, ते इथे मांडतो.

नदीची लांबी सुमारे १७.८४ किमी आहे. विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येऊन ती पुढे निघते. तुळशी भरला की त्याचे पाणी विहारमध्ये उतरते, म्हणजे एका अर्थी तीन तलावांचे उरलेले पाणी हिच्यात येते. फिल्टरपाड्याच्या पुलावर उभे राहिले की नदी अजून ओढ्यासारखी दिसते. पात्रात काळे खडक आहेत, आरेच्या बाजूला झाडी आहे, आणि एप्रिलमध्येही खडकांच्या खाचांतून पाण्याचा आवाज येत होता. त्या पाण्याला वास होता, हेही सांगायला हवे.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडला की नदीचे रूप पालटू लागते. बामणदाया पाडा, मरोळ, साकीनाका या भागात काँक्रीटच्या भिंती सुरू होतात. आधी एकाच बाजूला, मग दोन्ही बाजूंना. भिंतींच्या मागे कारखान्यांचे गाळे, गोदामे आणि घरे अशी खेटून उभी आहेत की नदी कुठे वळते ते पाण्याऐवजी पत्र्यांच्या ओळीवरून ओळखावे लागते. मरोळच्या एका गल्लीत टोकाला उघडणारे दार दिसले म्हणून आत गेलो, तर दाराबाहेर दोन पायऱ्या आणि त्याखाली थेट नदी. तिथल्या आजी म्हणाल्या की या पायऱ्यांवर पूर्वी धुणे होत असे. पायऱ्या तशाच राहिल्या आहेत, त्यांच्यापुढे आता पुरुषभर उंचीची भिंत आहे आणि तिच्या पायथ्याशी सांडपाणी साचलेले आहे.

विमानतळापाशी नदी कशी वळवली आहे हे नकाशात पाहिल्याशिवाय कळत नाही. धावपट्टी आणि तिच्या जोडमार्गांसाठी नदीला जवळजवळ काटकोनात वळणे घ्यावी लागली आहेत आणि काही अंतर ती जमिनीखालच्या मोऱ्यांतून जाते. काठाने चालणाऱ्या माणसाची वाट इथे साहजिकच संपते. मी सफेद पूल, जरीमरी, बैल बाजार असा वळसा घालून पुन्हा नदीशी आलो तो क्रांतीनगरपाशी.

तिथून सीएसटी रोडच्या पुलापर्यंतचा तुकडा माझ्या ओळखीचा. (या सीएसटीचा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी काही संबंध नाही. ती अक्षरे १९२८ ते १९३४ या काळात इथून गेलेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेची आहेत.) २००५ नंतर नदीच्या कामाची वाटणी झाली तीही याच पुलावर. वरचे ११.८४ किमी महापालिकेकडे आणि पुलाखालचे ६ किमी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आले. पुलापुढे कलिना, टॅक्सीमेन कॉलनी, वाकोला नाल्याचा संगम, मग वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने रुंद, सरळ, दोन्ही काठ बांधलेले पात्र, आणि शेवटी धारावीच्या पलीकडून तिवरांमधून माहीमची खाडी.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. कुर्ल्यात एका पातमुखापाशी, म्हणजे वस्तीतला नाला भिंतीतून नदीला मिळतो तिथे, मी तासभर बसलो होतो. पातमुखाला लोखंडी झडप होती, पण तिच्या फटीत सिमेंटची रिकामी गोणी अडकून ती वीतभर उघडीच राहिली होती. भरती लागत होती. नाल्याच्या तोंडाशी एक शहाळ्याचे टरफल तरंगत होते. आधी ते जागच्या जागी डुलत राहिले, मग हळूहळू झडपेच्या फटीकडे सरकले आणि आत, वस्तीच्या दिशेने निघून गेले. म्हणजे नदी नाल्यात शिरत होती. तो दिवस कोरडा होता. त्याच वेळी वर धो धो पाऊस पडत असता, तर वस्तीतल्या पाण्याने जायचे कुठे होते?

भिंतींनी नदीचे पाणी वस्तीत येण्यापासून बऱ्याच अंशी अडवले, हे मी नाकारत नाही. पण वस्तीचे पाणी नदीत जाण्याची सोपी वाटही त्याच भिंतींनी अडवली. पूर्वी ते उतारावरून कुठूनही नदीत उतरत असे, आता त्याला ठरावीक भोकांतूनच जावे लागते. पात्राची रुंदी, खोली आणि गाळाचे टन यांवर आपण वीस वर्षे बोललो. भिंतीच्या अलीकडे काय होते यावर मात्र जवळजवळ बोललोच नाही. मिठीचे काम झाले की नाही हे पात्रात पाहून कळणार नाही, ते या पातमुखांपाशी बसून पाहावे लागेल, असे माझे मत आहे.

---

पाणलोट :

लेख मनापासून आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवावीशी वाटते. सांडवा हा नदीचा उगम नव्हे. विहार तलाव १८५६ ते १८६० या काळात हेन्री कॉनीबिअर या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बांधला गेला, तो मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी, आणि तो बांधला याच नदीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून. म्हणजे नदी आधीची आणि तलाव नंतरचा. तुळशीचे काम १८७९ मध्ये पूर्ण झाले आणि पवई त्यानंतर साधारण दहा वर्षांनी. पवईचे पाणी पिण्याच्या कामाचे राहिले नाही, पण तलाव राहिला.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण "तलावाचे उरलेले पाणी" म्हटले की नदी हा तलावाचा जोडधंदा होऊन जातो. मिठी ही आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेल्या डोंगरांवरून उतरणारी नदी आहे. ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या तिच्या बहिणी त्याच डोंगरांतून निघतात. मिठीला बांधून काढण्याची सुरुवातही २००५ मध्ये झालेली नाही. तिचा पहिला बांध १८६० सालचा आहे आणि तो तिच्या माथ्यावर आहे. वर्षातले आठ महिने वरून स्वच्छ पाणी येतच नाही, ते तलावात थांबते. खाली जे वाहते ते जवळजवळ सगळे आपले सांडपाणी. जिला पावसाळ्याखेरीज स्वतःचे पाणी नाही, अशा नदीला लोक नाला म्हणू लागले यात नवल नाही.

---

निवृत्त स्थापत्य :

या क्षेत्रात तीस वर्षे काढली असल्याने दोन शब्द लिहितो. काठावरून यांनी शहाळ्याच्या टरफलावरून जे सांगितले त्यात मुद्द्याचा गाभा आहे, पण भिंतींवर थोडा अन्यायही झाला आहे.

नदीचे पात्र बांधून काढतात ते कशासाठी, हे आधी पाहू. झाडोरा, दगडगोटे आणि वेडीवाकडी वळणे असलेल्या पात्रापेक्षा सरळ आणि गुळगुळीत पात्रातून त्याच उतारावर पाणी अधिक वेगाने जाते. रुंदी वाढवली की पुराची पातळी उतरते. जिथे जागा नाही तिथे काठाचा मातीचा उतार काढून उभी भिंत घातली की तेवढ्याच पट्ट्यात अधिक रुंदी मिळते. मरोळ ते कुर्ला या भागात उभ्या भिंतीला पर्याय नव्हता, कारण उतरत्या काठासाठी घरे हलवावी लागली असती. वरच्या टप्प्यात, जिथे नदीला खरोखर उतार आहे, तिथे या कामाचा उपयोग झाला आहे.

खालच्या टप्प्याचे गणित वेगळे आहे. तिथे पाण्याची पातळी पात्राचा तळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. मुंबईला मोठ्या भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, आणि तेवढा वेळ खालच्या मिठीला बाहेर पडायला दारच नसते. पात्र कितीही खोल केले तरी समुद्र खाली जात नाही. उलट भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर वेळात प्रवाह मंदावतो आणि खोल केलेल्या जागी गाळ पुन्हा बसतो. म्हणून दर वर्षी गाळ काढावा लागणे हा केवळ हलगर्जीपणाचा प्रश्न नाही. भरतीच्या नदीत खोलीकरण टिकत नाही, हा निसर्गाचाच भाग आहे.

आता आकडे पाहा. मिठीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस वाहत तिच्यात उतरतो तो भाग, सुमारे ७३ चौ. किमी आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला अवघा ७३ मिमी. ९४४ चा आकडा ढोबळमानाने सगळ्या पाणलोटाला लावला तर ६,८९० कोटी लिटर पाणी होते. विहार तलावाची उपयुक्त साठवण सुमारे २,७७० कोटी लिटर आहे. म्हणजे जवळजवळ अडीच विहार एका दिवसात या पाणलोटावर ओतले गेले आणि त्याच दुपारी भरती होती. एवढे पाणी सामावणारे पात्र कुर्ल्याच्या मधून कोणीही काढू शकत नाही.

पण आपल्याला दर वर्षी बुडवणारा पाऊस ९४४ मिमीचा नसतो. तो तासाला ५०-६० मिमीचा असतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी पावसासाठी होत्या. १९८५ च्या पुरानंतर जो अभ्यास झाला त्यातून १९९३ मध्ये पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ब्रिमस्टोवॅड अहवाल आला आणि त्याने हे प्रमाण ५० मिमीवर न्यायला सांगितले. त्याबरोबर आठ उदंचन केंद्रे, म्हणजे पंपाने पाणी उपसणारी केंद्रे, सुचवली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया आणि गजदरबंध ही सहा उभी राहिली. ती पाहिली की तत्त्व लक्षात येते. सखल जागेला भिंत घालायची असेल तर पातमुखाला झडप हवी, आणि झडप असेल तर तिच्या आत साठणारे पाणी वर उचलून टाकायला पंप हवा. या तिघांचे नाते चुलीच्या तीन दगडांसारखे आहे. मिठीच्या काठावर आपण भिंत सलग घातली, झडपा तुरळक बसवल्या आणि पंपांची वेळ आली की भाड्याच्या डिझेल पंपांवर भागवले. टरफल आत गेले ते या कारणाने.

---

पहिला मजला :

आम्ही क्रांतीनगरचे. वर जे लिहिले आहे ते आमच्या घरात दर पावसाळ्यात घडते, म्हणून लिहितो.

नदीची पातळी धोक्याच्या खुणेकडे जाऊ लागली की भोंगा वाजतो आणि माणसे येऊन घरे रिकामी करायला सांगतात. आम्ही जवळच्या महापालिका शाळेत जातो. वर्गात सतरंज्या अंथरलेल्या असतात. रात्री उशिरा किंवा पहाटे पाणी उतरले की परत येतो. आमच्या आईची एक पद्धत ठरलेली आहे. मे संपताना ती शिधापत्रिका, मुलांचे दाखले, गॅसचे पुस्तक आणि भाडेपट्टीच्या जुन्या पावत्या जाड प्लास्टिकमध्ये बांधून माळ्याच्या खुंटीला टांगते, आणि दिवाळीला ती पिशवी खाली येते. घरात तळमजल्यावर आता लाकडाची वस्तू राहिलेली नाही. शिवणयंत्र वर नेले, कपाट लोखंडी घेतले आणि तेही विटांवर ठेवले.

पलीकडच्या काठाला भिंत आधी झाली आणि आमच्या बाजूला पुष्कळ नंतर. मधल्या वर्षांत पाणी आमच्याकडे जास्त चढत असे. हे मी मोजपट्टीने सांगत नाही, जिन्याच्या पायऱ्यांवरून सांगतो. पूर्वी तिसरी पायरी बुडत असे, त्या वर्षांत पाचवी बुडू लागली. याची तक्रार घेऊन आम्ही संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा काम टप्प्याटप्प्याने होते असे उत्तर मिळाले. टप्पा म्हणजे काय हे कागदावर समजते. पण ज्याचा काठ दुसऱ्या टप्प्यात आहे त्याने पहिल्या टप्प्यातले पाणी कुठे ठेवायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. दुसरीकडे घर द्यायची बोलणी अनेकदा झाली. ज्या जागा दाखवल्या त्या इतक्या लांब होत्या की वडिलांचे बैल बाजारातले काम आणि मुलांची शाळा दोन्ही सुटले असते.

नदीवर आमचा राग नाही. लहानपणी आम्ही तिच्यात मासे पाहिले आहेत.

---

निवृत्त स्थापत्य :

पहिला मजला, आपल्या जिन्याच्या पायऱ्यांना मी मोजपट्टीच मानतो. एका काठाला भिंत आणि समोरचा काठ मोकळा असेल तर मोकळ्या काठावर पाणी वाढणारच. म्हणूनच समोरासमोरच्या भिंती शक्यतो एकाच हंगामात पूर्ण कराव्या लागतात. निदान मोकळ्या काठाला मातीचा तात्पुरता बांध तरी घालावा लागतो. तो घातला गेला नसेल तर त्या चुकीची किंमत आपण भरली आहे. नोंदी ठेवल्या असतील तर जपून ठेवा.

---

खाडीपलीकडे :

धारावी कोळीवाड्यात माझे माहेर आहे. आमच्या आजीच्या तोंडी मिठी नदी असे नाव मी कधी ऐकले नाही. ती खाडीच म्हणायची. नदी ती वर डोंगराकडे, आपल्यापाशी येते ती खाडी, असे तिचे म्हणणे. आज विचार केला तर ते बरोबर होते असे वाटते, कारण इथले पाणी भरती-सुकतीच्या हिशेबाने चालते. उधाणाच्या दिवसांत पाणी कुठवर येईल आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत किती मागे राहील, हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग, या हिशेबानेच जाळी निघत. बोय, निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी या खाडीने आम्हाला दिली. आजोबा सांगत की धारावीच्या काठावरून होडीने माहीमपर्यंत जाता येत असे.

अभियंता काकांनी भरतीचे गणित समजावले, ते फार पटले. फक्त एक भर घालते. भरतीचे पाणी पूर्वी पसरत असे. दोन्ही बाजूंना खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी खारी जमीन, होते, तिवरे होती, मिठागरे होती. उधाण आले की पाणी त्या खाजणात शिरायचे, दोन-तीन तास थांबायचे आणि सुकतीबरोबर निघून जायचे. पावसाच्या पाण्यालाही तीच जागा मिळायची. वांद्रे-कुर्ला संकुल ज्या ३७० हेक्टरांवर उभे आहे ती जमीन मिठी, वाकोला नाला आणि माहीमच्या खाडीच्या दोन्ही बाजूंची सखल जमीनच होती. १९७७ मध्ये एमएमआरडीएला तिथले नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि पुढे भराव पडत गेला. आमच्या घरातली मोठी माणसे म्हणतात की खाडीला पूर्वी अंगण होते, आता नुसता बोळ राहिला आहे.

उरलेल्या तिवरांमध्ये कधी ओहोटीच्या वेळी जाऊन पाहा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात ती तिवराची श्वासमुळे. त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या इतक्या घट्ट बसलेल्या असतात की ओढल्या तर मूळ तुटते. आम्ही काही बायकांनी एका सुकतीला त्या काढायला सुरुवात केली तेव्हा कात्री घेऊन बसावे लागले. दोन तासांत दोन हातांएवढी जागा मोकळी झाली, मग पाणी आले.

---

सातवा माळा :

माझे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात नदीच्या बाजूला आहे. गेली सहा वर्षे मी रोज ही नदी पाहतो आणि आज हा धागा वाचेपर्यंत तिचे पाणी दिवसातून दोनदा उलट वाहते हे माझ्या लक्षात आले नव्हते. आज दुपारी मुद्दाम पाहिले. तरंगणारा कचरा धारावीकडून कुर्ल्याकडे चालला होता. मे २०२५ पासून मी मेट्रो ३ ने धारावी ते वांद्रे-कुर्ला संकुल असा प्रवास करतो, म्हणजे रोज नदीच्या खालून जातो, आणि तेही आजवर जाणवले नव्हते.

प्रश्न असा आहे की सांडपाण्याचे काय? भिंत आणि भरती समजली, पण वास तर कोरड्या दिवसांतच अधिक असतो.

---

पाणलोट :

सातवा माळा, त्याबाबत अलीकडे काही कामे झाली आहेत. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे मिठीला मिळणारे दोन मोठे नाले. त्यांचे कोरड्या दिवसांतले पाणी नदीत न सोडता धारावीच्या मलजल प्रक्रिया केंद्राकडे नेण्यासाठी जमिनीखाली सुमारे ६.७ किमी लांबीचा बोगदा खणला गेला. फिल्टरपाड्याजवळ वरच्या वस्त्यांच्या सांडपाण्यासाठी वेगळे केंद्र उभारण्याचे कामही हाती घेतले गेले. दिशा योग्य आहे. मात्र कुर्ला-कलिना भागात तेलाची आणि रसायनांची पिंपे धुऊन विकण्याचा जो धंदा चालतो, त्याचे पाणी नाल्यांत न जाता थेट भिंतीवरून किंवा भिंतीला पाडलेल्या भोकांतून नदीत पडते. आरे आणि मरोळच्या तबेल्यांचे शेणही तसेच. बोगद्याने ते थांबणार नाही.

आणि एक अडचण पुढे येणार आहे. सांडपाणी खरोखरच वळवले, तर आठ महिने नदीत वाहणार काय? वरचे पाणी तलावात अडलेले आहे. प्रक्रिया केलेले पाणी वरच्या टप्प्यात परत सोडले तरच नदी नदीसारखी दिसेल. नाहीतर मरोळला कोरडे काँक्रीट आणि कुर्ल्याच्या खाली समुद्राचे पाणी, एवढेच उरेल.

---

खाडीपलीकडे :

आमच्यासाठी तेही चालेल. स्वच्छ समुद्राचे पाणी रोज दोनदा आले तर खाडी जिवंत राहते. बोय मासा परत यायला एवढे पुरे आहे.

---

जुने कलिना :

२००५ चा उल्लेख आला म्हणून एक आठवण. त्या संध्याकाळी पाणी आमच्या चाळीत नदीच्या बाजूने आले नाही. ते विद्यापीठाच्या बाजूने, वाकोला नाल्याकडून आले. आम्ही सगळे नदीच्या दिशेला वाळूच्या गोण्या लावत होतो आणि पाणी मागच्या दाराने न्हाणीघराच्या मोरीतून वर आले. मोरीच्या भोकातून ते कारंज्यासारखे उसळत होते. वडिलांनी त्यावर पाटा ठेवला, पाटा हलू लागला, मग पाट्यावर वरवंटा आणि वरवंट्यावर स्वतः उभे राहिले. काही उपयोग झाला नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ पुढे तीन वेळा रंग देऊनही ओल धरत राहिली, आणि ती रेघ माझ्या खांद्याच्या वर होती.

पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. विमानतळापाशी नदीचे झालेले आकुंचन, पाणथळ जागांवरचे भराव आणि पूल-मोऱ्यांचे अडथळे यांची त्यात चर्चा होती. वर्तमानपत्रांत मात्र नदीच्या रुंदीचीच चर्चा अधिक झाली आणि आमच्या डोक्यातही तेवढेच राहिले. मोरीतून आलेल्या पाण्याचे उत्तर रुंदीत नव्हते, हे आज काठावरून यांच्या लेखामुळे मला नीट समजले.

---

नवी वाचक :

मी ठाण्याला राहते. मुलांना घेऊन ही नदी पाहायची असेल तर कुठून पाहावी? काठाने सलग चालणे मुलांना जमणार नाही.

---

काठावरून :

सर्वांचे आभार. पाणलोट यांची उगमाबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. खाडीपलीकडे ताईंनी अंगण आणि बोळ असे जे म्हटले, तेवढ्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

नवी वाचक, एका दिवसात पाहायची असेल तर पाच ठिकाणे पुरेत, आणि वेळ ओहोटी संपून भरती लागण्याच्या सुमारास खालच्या टप्प्यात पोहोचता येईल अशी धरावी. सकाळी फिल्टरपाड्याचा पूल. तिथे मुलांना खडकांतले पाणी दाखवा, कारण पुढे खडक दिसणार नाहीत. नंतर मरोळ किंवा साकीनाक्याचा कुठलाही पूल, तिथे दोन भिंतींमधले पात्र दिसते. मग कुर्ल्याचा सीएसटी रोडचा पूल. तिथून धारावी आगारासमोरचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकरांची ही जागा पूर्वी कचराभूमी होती आणि १९९४ पासून ती लोकांसाठी खुली आहे. उद्यानाच्या मागच्या कडेला खाडी आणि तिवरे दिसतात. जवळच काळा किल्ला आहे. १७३७ सालचा हा छोटा बुरूज मूळचा खाडीवर नजर ठेवण्यासाठी होता, आज त्याच्याभोवती घरे आहेत आणि तिथून पाणी दिसत नाही.

शेवटी माहीमचा कॉजवे. तो १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले होते, कारण तोवर माहीम ते वांद्रे ही खाडी होडीने ओलांडावी लागत असे. नदीचे तोंड बांधून काढण्याची सुरुवात म्हणायची तर तिथपासून. शेजारी पश्चिम रेल्वेचा पूल आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे एकोणिसाव्या शतकातले जुने लोखंडी स्क्रूचे खांब काढून नवे काम केले गेले.

निवृत्त स्थापत्य यांना एक विनंती आहे. सीएसटी रोडच्या पुलापासून वाकोला नाल्याच्या तोंडापर्यंतची पातमुखे मोजायची आहेत. प्रत्येकाला झडप आहे का, असल्यास ती बंद होते का, आणि उधाणाच्या भरतीत पाणी आत शिरते का, एवढ्याच तीन गोष्टी लिहायच्या. पहिला मजला यांच्याकडे जिन्याच्या पायऱ्यांच्या नोंदी आहेतच. नोंदीचा कागद कसा असावा, हे आपण सांगितले तर येत्या अमावास्येच्या उधाणाला मी डाव्या काठापासून सुरुवात करतो.

---

निवृत्त स्थापत्य :

कागद आज रात्री करून इथेच टाकतो. झडपेच्या उंबऱ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून मोजा, रस्त्यापासून नको, रस्ते दर वर्षी वर चढतात. भरतीच्या दीड तास आधी पोहोचा. उजवा काठ मी घेतो.

---

पहिला मजला :

क्रांतीनगर पुलाच्या वरच्या बाजूला आहे, तिथलीही पाच पातमुखे मला ठाऊक आहेत. दोन मातीखाली गेली आहेत, ती मी दाखवतो. येताना गमबूट घाला.